‘एन्ग्रेव्ह्ड वन्यप्राणी, ५० तिकिटं’: पाकीट चांगलं, लेबल सैल

पन्नास वेगवेगळी टपाल तिकिटं, सगळी वन्यप्राण्यांची, सगळी ‘एन्ग्रेव्ह्ड’ म्हणजे कोरीव छपाईची, किंमत ९०० रुपये. ऑनलाइन विक्रेत्याकडून सांगलीत स्पीड पोस्टाने येतं. पुठ्ठ्यात घट्ट बांधलेलं, आत ग्लासिनच्या (गुळगुळीत पातळ कागदाच्या) पाकिटांत देशवार लावलेलं. बांधणीला पैकीच्या पैकी. ‘सगळी एन्ग्रेव्ह्ड’ हे मात्र खरं नाही: ३३ अस्सल कोरीव, ९ मिश्र छपाईची आणि ८ चक्क फोटोग्रॅव्ह्युअर, म्हणजे ठिपक्यांच्या छपाईची.

त्या आठांत आपला १९६३ चा १० नव्या पैशांचा गवा आहे. चांदोलीच्या जंगलाचा शेजार, त्यामुळे सांगली-साताऱ्याकडच्या संग्राहकाला हे तिकीट हवंच असतं, आणि आहेही देखणं. पण गवा, रेड पांडा, हत्ती, वाघ, सिंह असा तो अख्खा संच नाशिकला फोटोग्रॅव्ह्युअरने छापलेला आहे. बिबट्या-बारशिंग्याचा १९७६ चा संचही तसाच. जुनं दिसलं की ‘एन्ग्रेव्ह्ड’ म्हणून खपवायचं, ही विक्रेत्यांची जुनी खोड.

ओळखायचं कसं? टेबललॅम्प बाजूला ठेवून उजेड तिरका पाडा, चिमट्याने तिकीट हळूहळू कलतं करा. कोरीव छपाईत पोलादी प्लेटच्या खाचांत भरलेली शाई जबर दाबाने कागदावर उचलली जाते, म्हणून रेघा उठून बसतात आणि तिरक्या उजेडात त्यांची सावली पडते. मग १०एक्स भिंग. कोरीव रेघ अखंड असते, मध्ये जाड होत टोकाला निमुळती होते. फोटोग्रॅव्ह्युअरमध्ये सगळीकडे जाळीचे ठिपके, अक्षरांच्या कडा करवतीसारख्या. मिश्र छपाईत, म्हणजे या पाकिटातल्या चेकोस्लोव्हाकियाच्या तिकिटांत, काळी रेघ कोरीव आणि रंग ठिपक्यांचा. ही नऊ संग्रहात ठेवायला हरकत नाही, फक्त वेगळ्या पानावर. अ‍ॅल्युमिनियम फॉइल ठेवून वरून खोडरबर घासायची चाचणी सांगितली जाते. मिंट, म्हणजे कोऱ्या न वापरलेल्या तिकिटावर ती करू नका, कडेचे दाते वाकतात आणि उठाव दबतो.

आता चांगली बाजू. अमेरिकेची १९५६ ची तीन सेंटची तिन्ही वन्यजीव तिकिटं यात आहेत: रानटर्की, प्राँगहॉर्न (हरणासारखा प्राणी) आणि किंग सॅमन मासा. प्राँगहॉर्नचं तिकीट भिंगाखाली बराच वेळ बघावं. एकच तपकिरी शाई. अंगावरची लव आखूड तुटक फटकाऱ्यांची, सावलीत त्यावर आडव्या रेघांचं दुसरं जाळं, आणि पोट-पुठ्ठ्याचा पांढरा भाग म्हणजे नुसता कोरा कागद. पांढरी शाई कुठेच नाही. जिथे कोरलं नाही तिथे पांढरं. पोत कळण्यासाठी नवशिक्याला याहून चांगला धडा नाही.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते फ्रेंच आफ्रिकेच्या गठ्ठ्यात. नायजरचा १९५९ पासूनचा वन्यजीव संच (पाकिटात जिराफ आणि मानाटी आलेत), शिवाय शेजारच्या देशांची काही. तिकिटाच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत कोरणाऱ्याचं नाव असतं: कोंबे, बेके, फलपँ. भिंग लावून ती नावं वहीत उतरवून ठेवा. पुढे संग्रह प्राण्यावरून लावायचा की कारागिरावरून, हे ठरवताना ती यादीच कामी येते. ग्रीनलंडचा १९६९ ते १९७६ चा संच (कस्तुरी बैल, देवमासा, नारव्हाल, अस्वल, वॉलरस) यात नाही, आणि या किमतीत ती अपेक्षाही नको.

शिक्क्यांचं काय? पूर्व युरोपची बहुतेक तिकिटं सीटीओ (‘कॅन्सल्ड टू ऑर्डर’, विकण्यासाठीच शिक्का मारलेली) आहेत: कोपऱ्यात पाव शिक्का अगदी रेखीव, आणि मागे गोंद शाबूत. पोस्टातून ती कधी फिरलेलीच नाहीत. बघायला छान, संग्राहकांच्या अदलाबदलीत भाव नाही.

कागदाला चिकटलेली चार-पाच तिकिटं निघाली. कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटं, आपोआप सुटू द्यायची, ओढायची नाहीत. मग टिपकागदावर पालथी वाळवून पुस्तकाखाली. इस्त्री अजिबात नको.

सांगलीच्या पावसाळ्यात कोरीव तिकिटांचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. गोंद ओलावा धरतो, तिकीट पानाला चिकटतं, बुरशीने दात्यांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. स्टॉकबुक (तिकिटं ठेवायची वही) उभं ठेवा, एकावर एक रचू नका. डब्यात सिलिका जेल टाका आणि मधूनमधून ते गरम करून पुन्हा कोरडं करा. पीव्हीसीचे स्वस्त पारदर्शक कप्पे टाळा, त्यातलं प्लॅस्टिसायझर शाईवर उतरतं. माउंट (तिकिटाची पारदर्शक खोळ) घेताना तिकिटाच्या उंचीपेक्षा २ मिलिमीटर जास्त धरा. कृष्णाकाठच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना २०१९ च्या पुरानंतर वेगळं सांगायला नको. पण पत्र्याखालच्या माळ्यावरही नको, तिथे उन्हाळ्यात गोंद तडकतो.

९०० रुपये ३३ तिकिटांवर वाटले तर एक साधारण २७ रुपयांना पडतं. अमेरिकेची तीन सुटी घेतली तर याहून स्वस्त. आफ्रिकेची सुटी शोधत बसलात तर टपालखर्चच डोईजड. म्हणून पाकीट घ्या, पण आधी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: दोन्ही बाजूंचे स्कॅन मिळतील का, आणि कॅटलॉगमध्ये ‘रिसेस’ (म्हणजे कोरीव छपाई) लिहिलेली किती. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना विक्रेता अडखळला, तर भाव ७०० वर आणायला वाव आहे.