म्हापशातलं एक प्रवेश-मार्गदर्शन केंद्र: पाचपैकी दोन तारे

बी.एस्सी. झालेल्या भाचीला घेऊन मे महिन्यात या केंद्रात गेले होते. नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका दुकानापुरती नाही.

समोर बसलेली मुलगी कामाला चोख. शैक्षणिक कर्जाचे कागद तिने नीट समजावले: चार लाखांपर्यंत पदरचे पैसे घालावे लागत नाहीत, हप्ते कधी सुरू होतात, वगैरे. दोन तारे तिचे. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाचा मात्र तिने उल्लेखही केला नाही.

तिचा पहिला प्रश्न, "बजेट किती?" दुसरा, "पॅकेज कितीचं हवंय?" काय शिकायचंय, हे विचारलंच नाही. शेवटी भाचीच म्हणाली, "मला सागरी विज्ञानात एम.एस्सी. करायचंय." त्यावर पुण्या-बंगळुरूच्या खासगी विद्यापीठांची गुळगुळीत पुस्तिका पुढे आली. एमबीए, डेटा सायन्स, दोन वर्षांचे साडेआठ लाख. अहो, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे, तिथे हा विषय शिकवतात. जवळच दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ सालची! पुस्तिकेत यावर एक ओळ नाही. विचारलं तर उत्तर, "मॅडम, त्यांच्याशी आमचं टाय-अप नाही." म्हणजे ज्या विषयावर दलाली नाही, तो मुलांच्या कानावरच पडायचा नाही. भूगर्भशास्त्र नाही, तत्त्वज्ञान नाही, मराठी तर नाहीच. डिचोलीच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या मला हे फार लागलं.

याचं मूळ जुनं आहे. २००० साली मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला यांनी पंतप्रधानांच्या व्यापार-उद्योग परिषदेला अहवाल दिला. उच्च शिक्षणाचा खर्च शिकणाऱ्याने उचलावा, न झेपणाऱ्याला कर्ज वा मदत मिळावी, असा त्याचा रोख होता. खर्च घरावर आला की घर आधी परतफेडीचा हिशेब मांडणार. आठ लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन कोणती मुलगी वीस वर्षं प्रवाळांचा अभ्यास करायला धजेल? आणि ती धजली नाही, तर आपल्या किनाऱ्याची खबर ठेवणार कोण?

निघताना "उद्यापर्यंत पन्नास हजार भरा, सीट जाईल, पैसे परत मिळत नाहीत" अशी घाई सुरू झाली. पालकांनो, इथे थांबा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी माघार घेतली, तर प्रक्रिया शुल्क वजा जाता संस्थेला पूर्ण फी परत द्यावी लागते. त्यानंतर रक्कम टप्प्याटप्प्याने कमी होते. मूळ गुणपत्रिकाही संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत. पैसे भरायचेच, तर थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा आणि पावती घ्या.

आम्ही काहीच भरलं नाही. भाचीने ताळगावला अर्ज केलाय.