डब्ल्यू 123 चा हॉर्न पॅड : जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय गॅरेज सोडू नका

ज्यांच्याकडे मर्सिडीजची जुनी डब्ल्यू 123 आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दुसरी कुठलीही जुनी गाडी प्रेमाने सांभाळणाऱ्यांनीही वाचावं. पुण्यातल्या एका गॅरेजने माझ्या गाडीचा मूळ हॉर्न पॅड, म्हणजे स्टीअरिंगच्या मधोमधचा, दाबला की हॉर्न वाजतो तो गादीसारखा भाग, काढून घेतला, त्याजागी फायबरची नक्कल बसवली आणि त्याचे 46,200 रुपये लावले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे गॅरेजचं नाव देत नाही. फसवलं कसं, ते मात्र सगळं सांगते, कारण हीच युक्ती उद्या दुसऱ्या गाडीवर चालेल.

गाडी 1982 ची 240 डी, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. दिल्लीतल्या एका वकिलातीची गाडी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनने विक्रीला काढली तेव्हा बाबांनी ती घेतली. त्या काळी परदेशी गाडी मिळवायचा सरळ मार्ग तोच होता. 1976 ते 1986 या दहा वर्षांत कंपनीने डब्ल्यू 123 सुमारे 27 लाख बनवल्या, पण आपल्याकडे त्यातल्या फार थोड्या आल्या, म्हणून इथे मूळ पार्टला किंमत आहे. मुंबईत 2014 पासून मर्सिडीजच्या जुन्या गाड्यांची रॅली भरते. तिथे गाडी उतरवणाऱ्यांना स्टीअरिंगपासून काचेच्या रबरापर्यंत सगळं कंपनीचंच हवं असतं. उन्हाने न तडकलेला हॉर्न पॅड ही त्यातली दुर्मीळ वस्तू, आणि आमचा पॅड तसा होता, कारण बाबांनी गाडी कधी उन्हात उभी केली नाही.

नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली आणि हॉर्न बंद पडला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवावी लागते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 119 व्या नियमाप्रमाणे हॉर्न चालू हवाच. म्हणजे मला घाई होती, आणि ती मी गॅरेजवाल्याला पहिल्याच वाक्यात सांगितली. ‘जुन्या जर्मन गाड्यांचे तज्ज्ञ’ अशी पाटी लावलेलं ते गॅरेज. मालक अदबीने बोलणारा. त्याने हॉर्न दाबून पाहिला, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, “मॅडम, आतली कॉन्टॅक्ट प्लेट जळालीय. या मॉडेलला प्लेट वेगळी येत नाही, अख्खा पॅड बदलावा लागतो. जर्मनीहून मागवू. पॅड काढायला स्टीअरिंग उतरवून कॉलम खोलावा लागेल.”

मी पॅड बघायला मागितला. “खोलल्याशिवाय दिसणार नाही मॅडम, आणि उघड्यावर खोलला तर वायरिंग धोक्यात येतं.”

अंदाजपत्रक साध्या कागदावर हाताने लिहिलेलं होतं. पॅड 34,500, कस्टम आणि कुरियर 6,200, कॉलम खोलून बसवण्याची मजुरी 5,500. जीएसटी क्रमांक नाही. “पक्कं बिल काम झाल्यावर,” असं सांगून निम्मी रक्कम आगाऊ घेतली. ठरलेल्या दिवशी गाडी मिळाली, हॉर्न वाजत होता, पॅड कोरा दिसत होता. जुना मागितला तर उत्तर आलं, “काढताना तुकडे झाले, भंगारात गेला.” पक्कं बिल ‘संध्याकाळी व्हॉट्सॲपवर’ येणार होतं. ते आजपर्यंत आलेलं नाही.

आरटीओत गाडी पास झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी कर्वे रस्त्यावर, एका रुग्णालयासमोर, मी हॉर्न दाबला आणि तो थांबेचना. लोक माझ्याकडे बघत होते, रखवालदार धावत आला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडच्या गल्लीत एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं छोटं दुकान होतं. तो पोरगा आला, बॉनेट उघडून त्याने फ्यूज काढला, हॉर्न थांबला. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्याने पॅडच्या वरच्या दोन कोपऱ्यांत बोटं घातली आणि जोर लावून स्वतःकडे ओढलं. पॅड हातात आला. पाना नाही, पेचकस नाही, कॉलम खोलणं नाही.

“ताई, हा डुप्लिकेट आहे. हाताने बनवलाय.”

त्याने पॅड उलटा करून दाखवला. मागे फायबरग्लासचे धागे बोटाला टोचत होते. कंपनीच्या पॅडला आत कडक सांगाडा आणि वर मऊ फोम असतो, पाठीवर तारा आणि पार्ट नंबर साच्यातच उमटलेला असतो. इथे नुसती खरखरीत पाठ, वरून रेक्झिन चिकटवलेलं. पॅड ज्यांवर बसतो त्या मागच्या खुंट्या जाड झाल्यामुळे दाबलेला पॅड परत वर येत नव्हता, आणि म्हणूनच हॉर्न अडकला होता.

पॅड निघाल्यावर मधोमध स्टीअरिंगचा मोठा बोल्ट दिसतो. त्याला 10 मिलिमीटरची ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाची किल्ली, लागते. त्या बोल्टच्या खाचेत वर्षानुवर्षं बसलेली काळी, कडक धूळ होती तशीच होती. किल्लीचं टोक आत गेलं असतं तर ती टिकलीच नसती. म्हणजे ज्या कामाचे 5,500 रुपये मी दिले, ते काम झालंच नव्हतं. मी तिथेच त्या खाचेचे जवळून फोटो काढले, आणि आज आयोगापुढचा माझा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.

मग त्या मुलाने मला फ्यूज दाखवले. या गाडीत आजच्यासारखे प्लास्टिकचे चपटे फ्यूज नसतात. सिरॅमिकची छोटी कांडी, तिच्यावर धातूची पातळ पट्टी, दोन्ही टोकं निमुळती आणि स्प्रिंगच्या चिमट्यात धरलेली. पांढरी कांडी 8 अँपिअरची, लाल 16 ची. टोकांवर गंज किंवा काळपट थर बसला की पट्टी शाबूत असूनही वीज पोचत नाही. आपल्या पावसाळी हवेत हे हमखास होतं. कित्येकदा बोटाने कांडी जागच्या जागी फिरवली की थर घासला जातो आणि बंद पडलेली गोष्ट चालू होते. माझ्या फ्यूज बॉक्समधले सगळे फ्यूज काळवंडलेले होते, फक्त हॉर्नच्या जागी एक कोरा, चकचकीत. माझ्या गाडीची खरी दुरुस्ती एवढीच झाली होती. कॉन्टॅक्ट प्लेट जळालेली नव्हतीच. हॉर्न बंद असेल तर पॅडकडे जाण्याआधी फ्यूज बघा. तो ठीक असेल तर पुढे ग्रिलमागे हॉर्नच्या दोन टोकांना टेस्ट लॅम्प लावून कुणाला तरी पॅड दाबायला सांगा. दिवा लागला तर पॅड, कॉन्टॅक्ट, वायर सगळं नीट आहे, दोष हॉर्नमध्येच आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, मीसुद्धा आता स्वतः करते.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. पॅड ओढून काढायचा तो साध्या स्टीअरिंगचा. काही डब्ल्यू 123 गाड्यांना एअरबॅग होती. तसं पॅडवर लिहिलेलं असतं आणि पॅडही फुगीर असतो. त्याला हात लावू नका. ते काम बॅटरी सोडवून, जाणकारानेच करायचं.

आणि कुणी खरंच स्टीअरिंग उतरवणार असेल तर समोर उभं राहा. आधी पुढची चाकं सरळ हवीत, स्टीअरिंग आणि दांडा यांच्यावर जुळती खूण हवी. आतल्या दात्यांत एका दात्याचा फरक पडला तरी सरळ रस्त्यावर स्टीअरिंग तिरकं दिसतं. बोल्ट परत आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना लागतो, 80 न्यूटन मीटर. ज्या गॅरेजमध्ये तो पाना नाही तिथे हे काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅडचे ‘तुकडे’ झाले नव्हते, हे कळायला थोडा वेळ गेला. नाशिकच्या एका डब्ल्यू 123 वाल्या स्नेह्यांनी मला एका विक्रीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला. ‘ओरिजिनल, एकही तडा नाही, 28,000.’ फोटो मोठा करून पाहिला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. पॅडच्या दर्शनी बाजूच्या मर्सिडीजच्या ताऱ्याच्या खाली, डावीकडे, अंगठ्याच्या नखाएवढा लंबगोल खरखरीत डाग. बाबांनी तिथे पितळेचा छोटा गणपती चिकटवला होता. पुढे तो निघाला आणि डिंकाबरोबर वरचा पापुद्राही घेऊन गेला. तो डाग मी हजार पॅडमध्ये ओळखीन. मी नंबर फिरवला तेव्हा पॅड विकला गेला होता. कुणाला विकला, ते सांगायला माणूस तयार नव्हता, आणि तासाभरात जाहिरातही गायब झाली.

गॅरेजवाल्याकडे गेले तेव्हा त्याची अदब संपलेली होती. आधी म्हणाला, असे डाग खूप पॅडवर असतात. मग म्हणाला, जुना पार्ट कंपनीला परत द्यावा लागतो. भंगाराची गोष्ट तो विसरला होता. मी कुरियरची पावती मागितली, कस्टमचा कागद मागितला. परदेशातून पार्ट खरंच आला असेल तर यांपैकी काहीतरी निघतंच. त्याच्याकडे एकही कागद नव्हता. “मॅडम, तुम्हाला गाड्यांतलं कळत नाही, उगाच वाद वाढवू नका,” हे त्याचं शेवटचं वाक्य. पैशांइतकाच या वाक्याचा मला संताप आहे. समोरच्याला कळत नाही असं गृहीत धरणं, एवढ्यावरच या माणसाचा धंदा उभा आहे.

मी वकिलामार्फत नोटीस पाठवली, पोलिसांत अर्ज दिला, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. वस्तू आणि सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं, पण हाताने लिहिलेला कागद, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश होते. वकिलांनी ते सगळं जोडलं. गाडी गॅरेजला देण्याआधी स्टीअरिंगचे, पॅडच्या पाठीचे आणि पार्ट नंबरचे फोटो तारखेसकट काढून ठेवा, आणि ‘बदललेले सर्व जुने भाग परत देणे’ ही ओळ अंदाजपत्रकावर लिहून घ्या. ती लिहायला जो नकार देतो, त्याच्याकडून किल्ली लगेच परत घ्या.

जुन्या पार्टच्या शोधात कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा दिल्लीचं मायापुरी गाठणाऱ्यांसाठी आणखी एक. सुरुवातीच्या डब्ल्यू 123 चं स्टीअरिंग मोठं होतं, नंतरचं लहान झालं, आणि दोन्हींचे पॅड वेगळे आहेत. आपल्या गाडीच्या सालाप्रमाणे पार्ट नंबर आधी काढा, पॅड उलटा करून बघा, पाठ दाखवायला का-कू केली तर पैसे देऊ नका.

गेल्या वर्षभरात तुम्ही कुणाकडून या गाडीचा पॅड विकत घेतला असेल, आणि त्यावर ताऱ्याच्या खाली डावीकडे तसा लंबगोल डाग असेल, तर कृपया इथे प्रतिसाद द्या. तुमच्यावर माझा काही आरोप नाही. तुम्ही दिलेली पूर्ण रक्कम देऊन मी तो परत घ्यायला तयार आहे, फक्त कुणाकडून घेतला एवढं लेखी द्या.