जिनिंगच्या रांगेत ऐकलेले रदरफोर्ड हेज

दिवाळीनंतर चोपड्याजवळच्या एका जिनिंगबाहेर आमची कापसाची ट्रॉली काट्यावर लागेपर्यंत मला जवळजवळ पाच तास बसून राहावे लागले आणि त्या वेळात रदरफोर्ड हेज यांच्या चरित्राचे मराठी ऑडिओबुक मी निम्म्याहून अधिक ऐकून काढले. मी अमळनेरला दिवाणी वकिली करतो. अमेरिकेचे एकोणिसावे अध्यक्ष झालेल्या या गृहस्थांविषयी कुतूहल वाटले ते मुळात ते वकील होते म्हणून.

वकिलीची प्रकरणेच सर्वांत सरस उतरली आहेत. हार्वर्डमध्ये कायदा शिकून १८४५ मध्ये ओहायोतल्या लोअर सँडस्की या लहानशा गावात सुरू केलेली बेताची प्रॅक्टिस, आणि तिथे जम बसत नाही असे पाहून सिनसिनाटीला पुन्हा पहिल्यापासून केलेली सुरुवात, हे सारे तालुक्याच्या कोर्टात उमेदवारी केलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. नॅन्सी फॅरर या मोलकरणीला विषप्रयोगाच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली, तेव्हा हेज यांनी तिच्या मनोविकाराचा मुद्दा ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लावून धरला आणि अखेर तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. हा भाग निवेदकाने अजिबात घाई न करता वाचला आहे. पळून आलेल्या गुलामांची वकीलपत्रे घेणारे हेज त्यानंतर आपोआप समजत जातात.

१८६१ मध्ये गुलामगिरीवरून अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेचे यादवी युद्ध पेटले, तेव्हा तीन मुलांचा बाप असताना ते उत्तरेच्या बाजूने २३ व्या ओहायो पलटणीत दाखल झाले. १४ सप्टेंबर १८६२ रोजी साउथ माउंटनच्या लढाईत गोळी लागून त्यांच्या डाव्या हाताचे हाड मोडले, आणि १८६४ मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, उमेदवारी मिळूनही प्रचारासाठी त्यांनी आघाडी सोडली नाही. तरी ते निवडून आले. याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, आपल्याकडच्या कापसाचे भाव कडाडले आणि जळगावची पेठ वाढली. मराठी श्रोत्यांसाठी केलेल्या निर्मितीत याचा एका वाक्यानेही उल्लेख नसावा, हे त्या रांगेत बसून ऐकताना फारच खटकले.

१८७६ ची अध्यक्षपदाची निवडणूक मात्र रंगली आहे. तिथे अध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या निर्वाचकांच्या मतांवर. प्रतिस्पर्धी टिल्डन यांची अशी १८४ मते, बहुमताला हवी १८५, आणि वीस मते वादात. पंधरा जणांच्या आयोगाने ती सर्व आठ विरुद्ध सात अशी हेज यांच्या पदरात टाकली, तीही टिल्डन यांना जनतेची सुमारे अडीच लाख मते जास्त असताना. पण त्यानंतर दक्षिणेतल्या राज्यांच्या विधानभवनांभोवतीचे केंद्राचे सैन्य हेज यांनी काढून घेतले आणि तिथल्या कृष्णवर्णीयांचे राजकीय संरक्षण संपत गेले, ही गोष्ट जेमतेम चार मिनिटांत उरकली आहे. गुलामांसाठी कोर्टात उभा राहिलेला वकील या निर्णयापर्यंत कसा आला, हे ऐकण्यासाठी तर मी शेवटपर्यंत थांबलो होतो.

ॲपविषयीही एक तक्रार आहे. नेटवर्क गेले की प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नॅन्सी फॅररचा खटला मी तीन वेळा ऐकला. घरून डाउनलोड करून निघालात तर हा त्रास होत नाही. एकशे नव्वद रुपयांत मिळालेले हे ऑडिओबुक मी माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याला ऐकायला दिले आहे, फक्त पहिली सहा प्रकरणे ऐक असे सांगून.