पीपी प्रायमरचा स्प्रे: बाटलीच्या झाकणावर आणि ड्रिपच्या नळीवर रंग टिकतो का?

तालुक्याच्या गावात गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात ‘प्लास्टिक प्रायमर’ (रंगाआधी मारायचा थर) मागितला की दोनपैकी कुठलीही वस्तू हातात पडू शकते. एक करडा, दाट, खालचा रंग झाकणारा. दुसरा पाण्यासारखा पारदर्शक. बंपरचं चित्र दोन्ही डब्यांवर असू शकतं, आणि दुकानदार बहुधा करडाच पुढे सरकवतो, कारण खपतो तोच. घरातल्या निसरड्या प्लास्टिकपासून मॉडेल रेल्वेचं सामान बनवायचं असेल तर तो करडा प्रायमर परत द्यावा. एबीएस, पीव्हीसी, फायबरवर तो छान बसतो. पाण्याच्या बाटलीच्या झाकणावरून दुसऱ्या दिवशी नखानं निघतो. हवा तो पारदर्शक, ज्याच्या डब्यावर ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलिन) किंवा ‘पॉलिओलेफिन’ (पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन या जातीचं प्लास्टिक) असं छापलेलं असतं. हे परीक्षण त्याचं. कंपनी कुठलीही असो, आतला माल साधारण एकाच जातीचा असतो: क्लोरीन जोडलेलं पॉलिओलेफिन, झायलिन किंवा टोल्युइनमध्ये विरघळवलेलं. साध्या स्प्रेपेक्षा तो महाग पडतो, पण लागतो अगदी थोडा.

आपल्याकडे या छंदाला कच्च्या मालाची कमी नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही नॅरोगेज रेल्वे, शकुंतला, ७६२ मिमी गेजची, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर. १:८७ प्रमाणात ते अंतर ८.७६ मिमी येतं, म्हणजे ‘एन स्केल’ या छोट्या मापाच्या मॉडेल रेल्वेचा ९ मिमीचा तयार रूळ तिला चालतो. रूळ विकत घ्यावाच लागतो; बाकी स्टेशनची पाण्याची टाकी, जिनिंगच्या आवारातले पिंप, शेतातली विहीर, इंजिनाचा बॉयलर हे सगळं घरच्या भंगारात पडलेलं असतं. संत्र्याच्या वाडीतून निघालेली १६ मिमीची ड्रिपची नळी या प्रमाणात १.३९ मीटर व्यासाची होते, नॅरोगेज इंजिनाच्या बॉयलरला शोभेल अशी. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३० मिमीचं, म्हणजे २.६ मीटर. उलटं ठेवलं की विहिरीचा कठडा, सुलटं ठेवलं की कडेच्या उभ्या रेघांमुळे नालीदार टिनाची टाकी.

अडचण एवढीच की या सगळ्या वस्तू पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या. या प्लास्टिकला रंग धरून ठेवण्याची ओढच नसते. पाणी टाकलं तर थेंब गोळा होऊन घरंगळतो, आणि रंगाचंही तेच होतं. वाळल्यावर सपाट दिसला तरी तो नुसता वर पांघरलेला असतो.

आधी प्लास्टिक ओळखावं. बुडाशी त्रिकोणात आकडा असेल तर काम सोपं: २ म्हणजे एचडीपीई, ४ म्हणजे एलडीपीई (दोन्ही पॉलिथिनच), ५ म्हणजे पीपी. हे तिन्ही निसरडे. ३ पीव्हीसी आणि ६ पॉलिस्टायरिन, यांना हा प्रायमर लागत नाही. आकडा नसेल तर लहान तुकडा साबणाच्या पाण्यात दाबून सोडावा. वर आला तर पॉलिथिन किंवा पीपी, तळाशी बसला तर दुसरं काही. तुकड्याला बुडबुडे चिकटलेले नकोत, नाहीतर बुडणाराही तरंगतो. जाळून वास घेण्याची जुनी युक्ती करू नये; पीव्हीसी निघालं तर धूर घशाला लागतो.

सहाच्या आकड्याबद्दल एक इशारा. पॉलिस्टायरिनला प्रायमर लागत नाही एवढंच नाही, तो बाधतोही. झायलिननं त्यावर बारीक भेगा पडतात, थर जाड बसला तर पृष्ठभाग मऊ होतो. विकत आणलेल्या मॉडेल रेल्वेच्या डब्यांच्या बॉडी बहुधा याच प्लास्टिकच्या असतात. थर्माकोलचे डोंगर तर नुसत्या उडालेल्या फवाऱ्यानंही खड्डे पडून बसतात. तेव्हा मांडणीवर बसवलेल्या वस्तूला जागच्या जागी स्प्रे मारू नये. सुटी करून बाहेर न्यावी.

धुणं हा कामाचा निम्मा भाग. झाकण सहज फिरावं म्हणून त्याच्या प्लास्टिकमध्ये मेणासारखा घसरणारा पदार्थ मिसळलेला असू शकतो. तो आतून हळूहळू वर येत राहतो, म्हणून आज घट्ट वाटलेला रंग महिन्याभरानंही सुटू शकतो. भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुवावं, हिरव्या घासणीनं चमक जाईपर्यंत घासावं, पुन्हा धुवावं, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं स्वच्छ कपड्यावर पुसावं. त्यानंतर बोट लावू नये; खालून काडी खोचून धरावं. वॉटर पेपर वापरायचा तर ४०० ते ६०० नंबरचा आणि ओला. त्याहून खरखरीत घेतला तर पॉलिथिनला केस उठतात, आणि रंगाखाली ते जास्तच उठून दिसतात.

केसांच्या तेलाच्या बाटल्या टाळाव्यात. तेल एचडीपीईत मुरलेलं असतं, कितीही धुतलं तरी थोडं बाहेर येतंच. आणि फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, आकार कितीही मोहात पाडणारा असो, धुऊनसुद्धा घेऊ नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं माणसं गेली. ते विष घासत बसण्याएवढी टाकी महत्त्वाची नाही.

आता प्रायमर. डबा दोन मिनिटं हलवावा, २० ते २५ सेंमीवरून एक हलका हात मारावा. पृष्ठभाग नुसता ओलसर दिसला की थांबावं. झिरपून खालच्या कडेला थेंब जमला तर जास्त झालं. पाचेक मिनिटांनी दुसरा तसाच हात, आडव्या दिशेनं. इथेच बहुतेक जण फसतात: पारदर्शक असल्यामुळे काही बसलं असं वाटत नाही, म्हणून तिसरा, चौथा हात चढतो. हा थर जाड झाला की आतून मऊच राहतो, आणि पुढे रंग प्रायमरसकट सापाच्या कातीसारखा अख्खा निघतो. अशी सोललेली साल उलटी करून बघावी. तिची आतली बाजू चिकट असेल तर प्रायमर जास्त झाला होता. कोरडी आणि चकचकीत असेल तर प्रायमर धरलाच नाही, म्हणजे धुणं कमी पडलं किंवा प्लास्टिकच त्याच्या ताकदीबाहेरचं होतं.

रंग डब्यावर दिलेल्या वेळेतच चढवावा. ती वेळ बहुधा १० ते ३० मिनिटांची असते. प्रायमर आज मारून रंग उद्या, असं करू नये. वर ॲक्रिलिकचा मॅट स्प्रे सगळ्यात बरा, तोही दोन-तीन पातळ हातांत. पाण्यात कालवायचे ॲक्रिलिक रंग थेट प्रायमरवर फाटतात. मॅटचा एक हात झाला की त्यावर ब्रशनं गंज, काजळी, चुन्याचे ओघळ हवे तसे काढता येतात.

ड्रिपच्या नळीची गोष्ट निराळी. ती एलएलडीपीई या मऊ पॉलिथिनची, काजळी मिसळलेली, वाकणारी. या प्रायमरचा खरा जोर पीपीवर. एचडीपीईवर तो बरा, आणि असल्या मऊ पॉलिथिनवर एकटा पुरत नाही. त्यात उन्हात वापरलेल्या नळीवर पांढुरकी भुकटी धरलेली असते आणि आत क्षारांचा थर. ती भुकटी घासून काळंभोर प्लास्टिक दिसेपर्यंत काढावी. मग नळीत घट्ट बसेल अशी लाकडी काडी घालून ती ताठ करावी, कारण नळी वाकली की रंगाला तडा जातो. त्यानंतर ज्योत. सोल्डरिंगच्या छोट्या गॅस टॉर्चच्या निळ्या टोकावरून नळी भरभर फिरवत न्यावी, एका जागी सेकंदभरही थांबू नये. पिवळी ज्योत काजळी धरते, ती नको. बरोबर झालं की नाही हे पाणी सांगतं: आधी थेंब होऊन घरंगळणारं पाणी आता सलग पातळ चादर होऊन राहिलं पाहिजे. जिथे चादर फाटते तिथे पुन्हा एकदा ज्योत. पुसून कोरडी केली की अर्ध्या तासात प्रायमर मारावा. टॉर्च विझवून लांब ठेवल्याशिवाय प्रायमरच्या डब्याचं झाकण काढू नये. घरात कापूस भरलेला असेल किंवा बाजूला कडब्याची गंजी असेल तर हे काम त्या अंगणात करूच नये.

परीक्षा सोपी आहे. आठवडाभर वाळू द्यावं, मग नव्या ब्लेडनं दोन मिमी अंतरावर सहा उभ्या, सहा आडव्या चिरा माराव्यात, वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. पीपीचं औषधाचं माप नीट धुतलेलं असेल तर चौकोन जागेवर राहतात. झाकणावर कडेचे काही उडतात, हाताळणी नसेल तर चालण्यासारखं. नुसता प्रायमर मारलेली ड्रिपची नळी मात्र पट्टीसोबत चौकोनच्या चौकोन देऊन टाकते. ज्योत दाखवलेली बरीच तग धरते. म्हणून नळीचा बॉयलर शेडमध्ये उभ्या इंजिनाला ठीक. रोज हातानं रुळावर चढवायच्या इंजिनाला तो करू नये. त्यासाठी पीव्हीसीचा तुकडा शोधावा.

रंग धरला म्हणजे गोंदही धरेल असं समजू नये. रंगावर चिकटवलेली शिडी रंगालाच धरून असते आणि ओढली की रंग घेऊन येते. शिडी, पाइप, पाये बारीक स्क्रूनं किंवा टाचणीच्या खिळीनं बसवावेत, आणि तेही रंगाआधी.

वेळ सांभाळावी. मे महिन्यात दुपारी फवारा हवेतच वाळतो आणि टाकीवर वाळू चिकटल्यासारखा बसतो. टिनाच्या छपराखाली डबा ठेवणं तर धोक्याचं. त्यावर ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते आणि बंद शेडमध्ये टीन ती सहज ओलांडतं. पावसाळ्यात दमट हवेनं रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, दव उडाल्यावर, वारा सुटण्याआधी: ही खरी वेळ. गार सकाळी डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर फवारा बारीक येतो. कोमटच, उकळतं नाही. नाकाला बांधलेला रुमाल या वाफांना अडवत नाही. काळ्या कोळशाचं फिल्टर असलेला मास्क घ्यावा आणि पोरांना लांब ठेवावं.

घ्यावा का? चार-दोन झाकणंच रंगवायची असतील तर नको. त्यांना टिश्यू पेपर आणि पातळ फेव्हिकॉल पुरे. कागद चहूबाजूंनी गुंडाळून आत दुमडला की वाळताना आवळतो, प्लास्टिकला न चिकटताही निसटत नाही, आणि त्यावर कुठलाही रंग बसतो. स्टेशनच्या चुना मारलेल्या टाकीला तर कागदाची ती किंचित खरबरीत पोत प्रायमरपेक्षा जास्त शोभते. मात्र झाकणाच्या बारीक रेघा, मापावरचे उठावाचे आकडे, पिंपांची कडी असं नक्षीकाम जपायचं असेल तर कागद ते बुजवतो, आणि तिथे या पारदर्शक प्रायमरला पर्याय नाही. यार्डभर पिंपं आणि टाक्या करायच्या असतील तर सगळ्या धुऊन, काडीवर लावून, एकाच सकाळी उरकाव्यात. काम झालं की डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत नोझल दाबावं. एवढं केलं नाही तर छिद्रात चिकट थर वाळतो आणि पुढच्या वेळी फवाऱ्याऐवजी पिचकारी उडते.