डोळस माणसाला हाक न मारता: तीन संगणक प्रणालींवरील स्क्रीन रीडरचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात माझा विंडोज लॅपटॉप बंद पडला आणि दुरुस्ती केंद्राने तो सतरा दिवसांनी परत केला, तेव्हा त्याची डिस्क पार पुसलेली होती. फायलींची दुसरी प्रत माझ्याकडे होती, त्यामुळे त्यांचे दुःख नव्हते. पण पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर, एनव्हीडीए, हाही गेल्यामुळे यंत्र तोंडच उघडेना. जाब विचारला तेव्हा फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "घरात कोणी बघणारं असेल ना, त्यांच्याकडून करून घ्या." हे वाक्य मला इतके झोंबले की पुढे हाती आलेली प्रत्येक प्रणाली मी एकाच कसोटीवर घासली: डोळस माणसाला हाक न मारता हे यंत्र बोलते करता येते का?

विंडोजने निराश केले नाही. कंट्रोल, विंडोज आणि एंटर या कळा एकत्र दाबताच नॅरेटर हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर बोलू लागला. हा वाचक विंडोज 2000 पासून सोबत येतो, पण आमच्यापैकी अनेकांनी त्याला एनव्हीडीए बसवून घेण्यापुरतेच कामाला लावले आहे. एनव्हीडीएची पोर्टेबल, म्हणजे न बसवता चालणारी, प्रत माझ्या पेनड्राइव्हवर असतेच. ती सुरू केली आणि मजकुराचे बोलणे करणाऱ्या ईस्पीकचा मराठी आवाज, ज्याला माझी शेजारीण डबड्यातला आवाज म्हणते, खोलीत घुमला. मात्र प्रशासकीय परवानगी विचारणाऱ्या खिडकीवर पोर्टेबल प्रत गप्प बसते. तिथे ऑल्ट आणि वाय अंदाजाने दाबून मी पुढे गेले.

मधल्या काळात भाच्याचा मॅक वापरला. तिथे कमांड आणि एफ 5 दाबले की व्हॉइसओव्हर हा मॅकचा स्क्रीन रीडर हजर होतो. 2005 च्या टायगर आवृत्तीपासून तो प्रणालीतच आहे आणि दुरुस्तीसाठीच्या रिकव्हरी पडद्यावरही बोलतो. माझ्या कसोटीवर तो पहिला आला आणि मी भाच्याला तसे सांगूनही टाकले.

दोन महिने मुद्रितशोधन केल्यावर ते मत मागे घ्यावे लागले. मॅकवर यादीत किंवा तक्त्यात शिरण्यासाठी कंट्रोल, ऑप्शन, शिफ्ट आणि खालचा बाण दाबावा लागतो, बाहेर पडण्यासाठी वरचा. घरातले प्रत्येक दार उघडून आत जावे आणि मागे लावून बाहेर यावे, तसे. रचना समजली, पण बोटे वळली नाहीत. माझे काम 'दिन' की 'दीन' हे ठरवण्याचे आहे. दोन्ही कानाला सारखेच वाटत असल्याने बाणाने अक्षर-अक्षर चालत वेलांटी तपासावी लागते, आणि हे दिवसातून शेकडो वेळा करताना हाताचे वळणच वेग ठरवते. यात प्रणालीपेक्षा माझ्या सवयीचा दोष अधिक आहे, हे मान्य करते.

लिनक्सकडून मला काहीच अपेक्षा नव्हती, म्हणूनच त्याने सुखद धक्का दिला. उबुंटू ही लिनक्सची एक आवृत्ती पेनड्राइव्हवरून सुरू केली, ऑल्ट, सुपर आणि एस दाबले आणि ओर्का हा तिथला स्क्रीन रीडर बोलला. मराठीसाठी तिथेही तोच ईस्पीक, आणि वेबपानावर पुढच्या मथळ्यावर जायला एनव्हीडीएप्रमाणेच नुसते एच.

एका बाबतीत मात्र तिन्ही प्रणाली सारख्याच हतबल आहेत. बनवणाऱ्याने बटणाला नावच दिले नसेल, तर वाचक नुसते "बटण" म्हणतो. प्रकाशकाने युनिकोडपूर्व, म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच मराठी आकार देणाऱ्या, जुन्या फॉन्टमधली फाईल पाठवली, तर मराठी परिच्छेदाऐवजी इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हांचा रद्दीढीग ऐकू येतो.

शेवटी मी विंडोजवर परतले, ते एनव्हीडीएसाठी, कारण तो इतर प्रणालींवर चालतच नाही. जॉज या विकतच्या स्क्रीन रीडरसाठी पैसे मोजण्याची माझी तयारी नव्हती आणि आताही नाही. 2006 मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने सुरू केलेले एनव्हीडीए आजही फुकट मिळते, आणि यंदा मी त्यासाठी देणगी पाठवली, जी माझ्या हिशेबी स्वभावाला मुळीच शोभत नाही.

माझ्या कसोटीवर हा लॅपटॉप अजून पुरता उतरलेला नाही, कारण त्याचा बायोस पडदा, म्हणजे प्रणाली सुरू होण्याआधीचा पडदा, बोलत नाही. उबुंटू सुरू करायचे असेल तेव्हा मी कळा मोजते: खालचा बाण तीन वेळा, मग एंटर. पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत असेल, तर चार वेळा.