‘कू’ या शब्दावर पारखलेला एक फ्रेंच कोश

फ्रेंच शब्दकोशाची पारख करायची असेल तर त्यात लांबलचक, अवघड शब्द शोधू नयेत, कारण त्यांचे अर्थ बहुधा एखाद-दुसरेच असतात आणि ते कोणत्याही कोशात नीट दिलेले सापडतात. कोशाचा कस लागतो तो ‘कू’सारख्या शब्दावर. रोमन लिपीत चार अक्षरे, त्यांतले शेवटचे ‘पी’ उच्चारायचे नाही, मूळ अर्थ तडाखा. आणि वापर मात्र इतके की सत्तापालट, फुटबॉलमधली फ्री किक, उन्हाने भाजलेली त्वचा आणि मित्रांबरोबर घेतलेला मद्याचा एखादा प्याला, या सगळ्यांसाठी फ्रेंच माणूस याच शब्दाकडे वळतो. याच एका शब्दाला समोर ठेवून ‘त्रेझोर द ला लांग फ्रांसेझ’ या कोशाच्या मोफत ऑनलाइन आवृत्तीचे हे परीक्षण केले आहे.

हा कोश फ्रान्सच्या सीएनआरएस या संशोधन संस्थेने नान्सी येथे तयार केला. 1971 ते 1994 या काळात त्याचे 16 खंड छापले गेले, आणि आता तो सीएनआरटीएल या संकेतस्थळावर नोंदणी न करता, पैसे न भरता पाहता येतो. सुमारे 1 लाख शब्द, 2 लाख 70 हजार व्याख्या आणि 4 लाख 30 हजार उदाहरणे असा त्याचा पसारा आहे. उदाहरणे बहुतांशी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या लेखनातून, लेखकाच्या नावासह दिलेली आहेत.

‘कू’चे पान उघडल्यावर पहिली प्रतिक्रिया घाबरण्याचीच होते. रोमन आकडे, त्यांखाली मोठी अक्षरे, त्यांखाली आकडे, त्यांखाली लहान अक्षरे, आणि जिकडेतिकडे संक्षेप. बी-१ म्हणजे युरोपीय भाषा-मोजपट्टीवरच्या मध्यम पातळीच्या आतल्या विद्यार्थ्याने येथे न आलेलेच बरे. पण पानाच्या वरच्या बाजूला मजकुराचे घटक रंगवून दाखवण्याची एक सोय आहे, तिच्यात केवळ व्याख्या निवडल्या की जंगलात वाट दिसू लागते. मग लक्षात येते की या अर्थांना क्रम आहे: आधी आघात, मग अवयवाची किंवा हत्याराची झटपट हालचाल, त्यातून एका दमात केलेली कृती, त्यातून ‘वेळ’ किंवा ‘खेप’, आणि एका घोटात रिचवलेले पेय. शेवटी व्युत्पत्ती येते: ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेला ‘कोलाफुस’ म्हणजे ठोसा, लोकभाषेत त्याचा झालेला ‘कोल्पुस’, आणि जुन्या फ्रेंचमधला ‘कोल्प’. न उच्चारले जाणारे ‘पी’ कोठून आले, याचा उलगडा येथे होतो.

मराठी वाचकाला हा क्रम विशेष उपयोगी पडतो, आणि माझ्या मते या कोशाकडे वळण्याचे खरे कारण तेच आहे. आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी फ्रेंच-इंग्रजी कोश वापरतात. त्यात ‘कू’च्या प्रत्येक जोडणीपुढे वेगळाच इंग्रजी शब्द येतो आणि सगळी घोकंपट्टी होऊन बसते. मराठीत मात्र आपण हाक मारतो, उडी मारतो, चक्कर मारतो, गप्पाही मारतो. ‘कू द बाले’ म्हणजे मारलेला झाडू, ‘कू द फील’ म्हणजे मारलेला फोन (‘फील’ ही टेलिफोनची तार), आणि ‘द्यू प्रम्ये कू’ म्हणजे पहिल्याच फटक्यात. अर्थात हे साम्य फार ताणू नये. ‘कू दय’ म्हणजे डोळा मारणे नव्हे, ओझरती नजर टाकणे. ‘कू द माँ’ म्हणजे हाताचा फटका नव्हे, मदतीचा हात. आणि ‘कू द सोलेय’ म्हणजे ऊन लागणे नव्हे, उन्हाने कातडी भाजणे. ‘कू द फूद्र’ म्हणजे शब्दशः विजेचा लोळ, पण कोसळतो तो प्रथमदर्शनी जडलेल्या प्रेमाच्या रूपाने.

‘कू द तेत’ तर दोन्ही बाजूंनी वापरता येतो: डोक्याने दिलेली धडक, आणि डोक्यात आले म्हणून केलेले अविचारी कृत्य. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीवर जे केले त्याला दोन्ही अर्थ सारखेच लागू पडतात.

कोशाची उणीव त्याच्या वयात आहे. 1994 नंतरची फ्रेंच त्यात नाही, आणि ‘कू’च्या बाबतीत हे जाणवते, कारण आजच्या बोलण्यात ‘द्यू कू’, म्हणजे ‘त्यामुळे’, ‘मग’, हे दर दुसऱ्या वाक्याच्या तोंडी असते. एखाद्याला ही लकब किती कंटाळवाणी वाटते किंवा ती कोठे शोभत नाही, हे साहित्यिक उदाहरणांवरून कळण्याजोगे नाही. त्यासाठी फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या फ्रेंच अकादमीच्या संकेतस्थळावर जावे. तेथे अकादमीच्या स्वतःच्या शब्दकोशाच्या, 2024 मध्ये पूर्ण झालेल्या नवव्या आवृत्तीसोबत 1694 पासूनच्या जुन्या आवृत्त्याही मोफत आहेत, आणि ‘काय म्हणावे, काय म्हणू नये’ या सदरात अकादमीने ‘द्यू कू’ला सरसकट ‘म्हणून’च्या जागी बसवू नये असे बजावले आहे. लोक ऐकत नाहीत, हा भाग वेगळा. अकादमीच्या नोंदी आटोपशीर आहेत, व्याख्येतल्या कोणत्याही शब्दावर टिचकी मारली की त्याची नोंद उघडते, आणि नवख्या वाचकाला त्या अधिक पचतात. मात्र त्रेझोरमधली उदाहरणांची श्रीमंती तेथे नाही.

अनुवाद करणाऱ्यांनी, बी-२ च्या पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांनी आणि फ्रेंच शिकवणाऱ्यांनी त्रेझोर नेहमी उघडा ठेवावा. मोबाइलच्या लहान पडद्यावर इतकी लांब नोंद वाचणे जिकिरीचे होते, तेव्हा शक्यतो संगणकावरच. नुसता अर्थ चटकन हवा असेल तर ल रोबेर या कोश-प्रकाशकाचा मोफत ऑनलाइन कोश पुरेसा आहे.