छोट्या घरात तीन मेश युनिट गळ्यात मारली, घेण्याआधी हे वाचा

घर छोटं आहे आणि मेश वायफाय (म्हणजे एका राउटरऐवजी घरभर ठेवलेली, एकमेकांशी जोडलेली दोन-तीन युनिट) घ्यायचा विचार चाललाय तर आधी हे पूर्ण वाचा आणि मगच पैसे द्या. आमची सरळ सरळ फसवणूक झालीये आणि ज्या पद्धतीने झाली ती अजून किती घरांत वापरली जात असेल हा विचार आला की संताप होतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचं घर म्हणजे हॉल, किचन, दोन बेडरूम आणि मधे छोटा पॅसेज, बास. नेटचा प्लॅन 300 एमबीपीएसचा. हॉलमधे नेट मस्त चालायचं पण मागच्या बेडरूममधे, जिथे बायको घरून काम करते, तिथे तिचे व्हिडिओ कॉल सारखे अडकायचे. राउटर होता टीव्हीखालच्या कपाटात, दार लावून, कारण फायबरचा डबा तिथेच आहे. एका विक्रेत्याने फ्री सिग्नल तपासणी म्हणून माणूस पाठवला, तो घरभर फिरला, फोनवर काहीतरी बघितलं आणि म्हणाला की एका राउटरचं हे कामच नाही, प्रत्येक खोलीला एक युनिट लागतंच, तीनचा सेट घ्या, 1200 ची स्पीड मिळेल.

आता त्याने डेमो कसा दिला ते नीट बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. आमच्या जुन्या राउटरवर 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ अशी दोन वेगळी नावं दिसायची, म्हणजे वायफायचे दोन बँड, 2.4 वाला लांब जातो पण संथ, 5 वाला फास्ट पण जवळपुरता. बेडरूमचं दार लावून त्याने स्वतःचा फोन 2.4 वाल्या नावाला जोडला आणि स्पीड टेस्ट केली, आली 18. मग युनिट बसवली, हॉलमधल्या मेन युनिटच्या अगदी शेजारी उभा राहिला आणि फोनवर 866 एमबीपीएस दाखवलं. बघा काका, 18 वरून 866! आईबाबा समोर बसलेले, दोघंही खूश. पहिली टेस्ट बंद दाराआड संथ बँडवर आणि दुसरी युनिटला खेटून फास्ट बँडवर, आणि त्याहून वाईट म्हणजे ते 866 इंटरनेटचं स्पीड नव्हतंच. ती फोनची लिंक स्पीड होती, म्हणजे फोन आणि युनिट एकमेकांशी जास्तीत जास्त किती वेगाने जोडले गेलेत तो आकडा, जो फोनच्या वायफाय सेटिंगमधे दिसतो. नेटची वायर काढून टाकली तरी तो तसाच दिसतो!

पुढचे बरेच दिवस आम्ही त्याच्याशी फोनवर भांडत होतो कारण बायकोचे कॉल पहिल्यापेक्षा जास्त तुटायला लागले. प्रत्येक वेळी एकच उत्तर, हिरवा लाइट लागलाय ना मग सिस्टिम ओके आहे, तुमच्या नेट कंपनीला विचारा. हिरव्या लाइटचा अर्थ एवढाच की ते युनिट मेन युनिटला जोडलं गेलंय.

माझी भाची नेटवर्किंगचं काम करते, ती घरी आली तेव्हा तिने पाच मिनिटांत पकडलं. घरभर स्पीड टेस्ट करत फिरली आणि म्हणाली, "मामा, हा आकडा 94 च्या वर जातच नाहीये, मेन युनिटसमोर उभं राहूनसुद्धा. असं अडकलं की समजायचं पोर्टच शंभरचं आहे." मेन युनिट उलटं केलं तर खालच्या लेबलवर बारीक अक्षरात 10/100 छापलेलं. म्हणजे ज्या भोकात नेटची वायर जाते तेच मुळात 100 एमबीपीएसचं, त्यातून टेस्टला 94-95 च्या पुढे काही मिळत नाही. आमच्या 300 च्या प्लॅनचे दोन तृतीयांश त्या भोकापाशीच संपत होते, हवेत काय वाटेल ते स्पीड असो. मग ते 1200 आलं कुठून? बॉक्सवर एसी1200 लिहिलेलं असतं ती बेरीज आहे, 2.4 चे 300 आणि 5 चे 867, ते वर ओढून 1200. एक फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ते 1200 कोणालाच कधी मिळत नाही. विकणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा तरी विश्वास नाही.

आता युनिट कुठे लावली होती ते ऐका. दुसरं पॅसेजमधे आणि तिसरं बेडरूममधे स्टीलच्या कपाटावर, भिंतीकडच्या बाजूला ढकलून. ही युनिट आपसात वायरने जोडलेली नव्हती, हॉलवालं पॅसेजवाल्याशी बोलणार आणि पॅसेजवालं बेडरूमवाल्याशी, सगळं हवेतून. स्वस्त दोन बँडवाल्या सेटमधे ज्या रेडिओवर तुमचा फोन जोडलेला असतो त्याच रेडिओवर युनिटं एकमेकांशी बोलतात, निरोप्याने आधी निरोप ऐकायचा आणि मग तोच पुढे सांगायचा तसं, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला क्षमता साधारण निम्मी होते. त्यात तिसरं युनिट लोखंडाच्या आड. बेडरूममधे हातात पडायचे जेमतेम तीस. शिवाय कपाटातल्या जुन्या राउटरचं वायफाय त्याने बंदच केलं नव्हतं, तेही चालू आणि ही तीनही चालू, एवढ्याशा जागेत चार जण एकाच वेळी ओरडणार. आणि फोन कुठल्या युनिटला धरायचं हे फोनच ठरवतो, त्यामुळे बेडरूममधे बसलं तरी फोन कित्येकदा हॉलच्याच युनिटला चिकटून राहायचा.

पण मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल तर तो अ‍ॅपचा. पासवर्ड बदलायला भाचीने मेशचं अ‍ॅप उघडलं तर मालक म्हणून अकाउंट त्या माणसाच्या ईमेलवर! सेटअप त्याने स्वतःच्या फोनवरून केला आणि आम्हाला फक्त वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून दिला. म्हणजे आमच्या घरात कोणते फोन, कोणता लॅपटॉप, कोण कधी जोडलं गेलं हे त्याला कुठूनही दिसत होतं आणि पासवर्डही तो बदलू शकत होता. घरात बायका-पोरं, म्हातारे आईबाबा, आणि एका अनोळखी माणसाच्या खिशात घराच्या नेटवर्कची किल्ली. फोन केला तर म्हणतो सर्व्हिससाठी असंच ठेवतो आम्ही, सगळ्यांचंच असं असतं. म्हणजे अजून कितीतरी घरांचं त्याच्या फोनमधे पडलंय. तुमच्याकडे कोणी बसवून गेलं असेल तर आजच अ‍ॅपमधे मालक कोण आहे ते बघा. बारीक भोकात पिन दाबून फॅक्टरी रिसेट करा आणि स्वतःच्या ईमेलवर नव्याने सेटअप करा, मात्र काही कंपन्यांचं युनिट आधीच्या मालकाने अकाउंटमधून काढल्याशिवाय दुसऱ्याकडे चालतच नाही, तेव्हा माणूस समोर असतानाच ते काढून घ्या.

आमचं नेट शेवटी सुधारलं कसं? भाचीने तीनही युनिट काढून ठेवली, फायबरच्या डब्यापासून भिंतीच्या कडेने एक लांब लॅन केबल पॅसेजपर्यंत नेली आणि तोच जुना राउटर पॅसेजमधे डोक्याच्या उंचीवर उघड्या फळीवर ठेवला. बास. सिग्नल मोजायच्या अ‍ॅपवर बेडरूममधे आधी उणे 78 दिसायचं ते उणे 61 झालं (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला, आणि तो डीबीमधे मोजतात). ऐकायला फरक छोटा वाटतो पण दर 10 डीबीला ताकद दहापट बदलते, म्हणजे हा फरक जवळजवळ पन्नास पट आहे. दार लावूनही आता 180 च्या आसपास मिळतं आणि कॉल अडकत नाहीत. तपासणीला आलेल्या त्या माणसाने राउटर कपाटातून बाहेर काढूनसुद्धा बघितला नाही, कारण तो काढला असता तर विकायला काही उरलंच नसतं.

मेश वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. दोन मजले असतील, घर लांबलचक असेल, भिंती जाड काँक्रीटच्या असतील तर लागतंच, पण छोट्या घरात फार तर दोन युनिट, आणि जमत असेल तर दोघांच्या मधे लॅन केबल. केबल नसेल तर दुसरं युनिट जिथे सिग्नल मरतो त्या खोलीत ठेवू नका, त्याच्या अलीकडे, जिथे अजून उणे 60 ते 65 मिळतोय तिथे ठेवा, कारण त्याला स्वतःलाच सिग्नल नसेल तर पुढे देणार काय? टीव्हीमागे, आरशामागे, फ्रीजजवळ, माशांच्या टाकीशेजारी ठेवू नका. नेट कंपनीचा राउटर पण चालू राहणार असेल तर मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे मेश फक्त वायफाय देईल आणि राउटरचं काम जुनाच करेल, आणि जुन्याचं वायफाय बंद करा.

आणि डेमो घ्यायचाच तर तुमच्याच फोनवर घ्या, आधी आणि नंतर त्याच जागी उभं राहून, त्याच बँडवर. त्याआधी लॅपटॉप थेट केबलने जोडून मूळ स्पीड किती येतंय ते बघा. मेश युनिटमधे नेटची केबल जाते ते पोर्ट गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएसचं, आहे का हे बॉक्सवरच्या मोठ्या आकड्यावरून ठरवू नका, युनिटच्या लेबलवर किंवा मॉडेल नंबरवरून तपासा. आमच्या बिलावर मॉडेल नंबरच नाहीये, फक्त मेश सेट 3 नग एवढंच लिहिलंय, आणि आता पैसे परत मागितले तर विक्रेता म्हणतो आम्ही 1200 चं म्हणालोच नव्हतो. लेखी तक्रार दिलीये, लेबलचे फोटो आणि 94 वर अडकलेल्या टेस्टचे स्क्रीनशॉट जोडलेत. तुम्ही घेत असाल तर मॉडेल नंबर, पोर्टची स्पीड आणि किती दिवसांत परत घेणार या तीन गोष्टी बिलावरच लिहून घ्या, तोंडी काहीही मान्य करू नका.